निवड बदलावी की राखावी? : एका संभाव्यता-कूटाचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी गणितातील एका कोड्याचा इतिहास हा विषय निवडलेला पाहून काहींना नवल वाटले असेल. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचे ऋण मान्य करावयाचे, तर त्यांनी आयुष्यभर जे काम केले तेच थोडा वेळ पुढे चालविणे हा मार्ग मला अधिक उचित वाटतो. मुलांना विचार करावयास शिकविणे हे ते काम होय. आजचे कोडे त्या दृष्टीने अपूर्व आहे. ते सोडविण्यास तिसरीच्या वर्गातील अंकगणित पुरते. आणि तरीही विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात गणिताच्या शेकडो पदवीधरांनी ते जाहीरपणे चुकविले. ते का चुकले, हा प्रश्न कोड्याच्या उत्तराहून मोठा आहे.

ग्वाल्हेर हे स्थान या विषयाला परके नाही. खासगी बाजारात बसून गणिताविषयी बोलताना किल्ल्याच्या चढणीवरील चतुर्भुज मंदिराची आठवण टाळता येत नाही. खडकात कोरलेल्या त्या लहानशा विष्णुमंदिरातील विक्रम संवत् ९३३, म्हणजे इ.स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात व रुंदी १८७ हात दिली आहे, आणि रोज ५० माळा अर्पण करण्याची तरतूद नोंदविली आहे. २७० आणि ५० या संख्यांतील ती लहान वर्तुळाकार शून्ये पाहण्यासाठी गणिताचे अभ्यासक दूरदेशाहून येथे येतात. शून्याची शिकवण अशी की, रिकाम्या जागेलाही अर्थ असतो. सत्तावीसच्या पुढे काहीही नसणे आणि सत्तावीसच्या पुढे शून्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या कोड्यातही एक पेटी उघडली जाते आणि ती रिकामी निघते. त्या रिकामेपणाचा अर्थ वाचता येतो की नाही, यावरच सारे अवलंबून आहे.

१. कोडे

मूळ कोडे परदेशी दूरचित्रवाणीवरील असले, तरी आपण ते आपल्या घरातील वस्तूंनी मांडू. तीन सारख्या पेट्या आहेत. त्यांपैकी एकीत मोहोर आहे, दोन रिकाम्या आहेत. पेट्या मांडणाऱ्यास मोहोर कोठे आहे हे ठाऊक आहे, आपणांस नाही. आपण एका पेटीवर हात ठेवावयाचा, ती उघडावयाची नाही. मग तो उरलेल्या दोहोंपैकी एक रिकामी पेटी उघडून दाखवितो व विचारतो, 'हात आहे तेथेच ठेवणार, की दुसऱ्या बंद पेटीवर नेणार?' नियम आधीच ठरलेला आहे: आपण हात ठेवलेली पेटी तो उघडणार नाही, मोहोरेची पेटी उघडणार नाही, आणि बदलण्याची संधी प्रत्येक खेळात देईल. दोन्ही उरलेल्या पेट्या रिकाम्या असतील, तर त्यांतली कोणतीही एक तो पक्षपात न करता उघडील.

बहुतेकांचे उत्तर असे असते: 'आता दोन पेट्या उरल्या, एकीत मोहोर आहे, तेव्हा संभव निम्मानिम्मा. बदलले काय, न बदलले काय, सारखेच.' हे उत्तर सरळ वाटते, पण ते चूक आहे. बदलणाऱ्यास मोहोर मिळण्याचा संभव दोन-तृतीयांश आहे आणि न बदलणाऱ्यास एक-तृतीयांश; म्हणजे बदलण्यात दुप्पट लाभ आहे.

मोजून पाहू. तीनशे वेळा हा खेळ खेळला, तर पहिला हात सुमारे शंभर वेळा मोहोरेवर पडेल आणि दोनशे वेळा रिकाम्या पेटीवर. ज्या शंभर खेळांत हात मोहोरेवर पडला, त्यांत बदलणारा हरेल. ज्या दोनशे खेळांत हात रिकाम्या पेटीवर पडला, त्यांत मांडणाऱ्याला निवडीची मोकळीक राहत नाही. उरलेल्या दोहोंपैकी एकीत मोहोर असल्याने त्याला दुसरीच उघडावी लागते, आणि जी बंद राहते तीत मोहोर असतेच. म्हणून बदलणारा दोनशे वेळा जिंकतो.

ज्यांना एवढ्यानेही पटत नाही, त्यांनी तीनऐवजी शंभर पेट्या कल्पाव्यात. आपण एकीवर हात ठेवला. जाणत्या मांडणाऱ्याने उरलेल्या नव्व्याण्णवांतून अठ्ठ्याण्णव रिकाम्या पेट्या उघडल्या आणि एकच बंद राखली. त्याने ती एकटी का वगळली, हा विचार मनात आला की हात आपोआप तिकडे वळतो. तीन पेट्यांतही तर्क तोच आहे. केवळ संख्या लहान असल्यामुळे तो डोळ्यांत भरत नाही.

२. आपल्याकडील पूर्वपीठिका

द्यूत आपल्या वाङ्मयाइतकेच जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचे अक्षसूक्त आहे, आणि त्यातील फासे म्हणजे बेहड्याची फळे होत. याच बेहड्याच्या झाडाखाली महाभारताच्या वनपर्वातील एक विलक्षण प्रसंग घडतो. नळ राजा बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला आहे आणि दोघे विदर्भाच्या वाटेवर आहेत. आपल्या विदर्भाची कन्या दमयंती हिच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता त्यांना तिकडे खेचून नेत आहे. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून सांगतो की, याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे आहेत. नळ रथ थांबवितो, झाड पाडतो, मोजतो आणि संख्या जुळते. ऋतुपर्ण म्हणतो की, फाशांचे रहस्य आणि गणनेचे कौशल्य या दोन्हींत तो निष्णात आहे. आणि अश्वविद्येच्या बदल्यात तो अक्षविद्या नळाला देतो.

फाशांचे ज्ञान आणि मोजणीचे ज्ञान यांची एकाच माणसाच्या ठायी घातलेली ही सांगड अभ्यासकांना फार अर्थपूर्ण वाटली. संभाव्यतेच्या कल्पनेचा उदय या विषयावर इयान हॅकिंग यांनी १९७५ साली लिहिलेल्या ग्रंथात या कथेची मुद्दाम दखल घेतली आहे. माझ्या मते या कथेत आजच्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक मोलाची गोष्ट आहे, आणि ती म्हणजे नळाचे वागणे. राजाने सांगितले म्हणून त्याने मानले नाही. उशीर होत असतानाही तो खाली उतरला आणि त्याने मोजले.

मोजणीचे शास्त्र आपल्याकडे कोठवर पोहोचले होते, हे पाहावयाचे तर भास्कराचार्यांकडे यावे लागते. शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या या सह्याद्रीच्या परिसरातील गणितज्ञाने ११५० च्या सुमारास 'लीलावती' रचली. तिच्या अखेरच्या 'अंकपाश' प्रकरणात वस्तूंच्या मांडण्या किती प्रकारे होतात याचा विचार आहे. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधे आलटूनपालटून दिली, तर मूर्तीचे किती भेद होतील? उत्तर आहे ३६,२८,८००. हरीच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा व पद्म यांचे किती? चोवीस. याच प्रकरणाच्या शेवटी आचार्य अशा आशयाचे सांगतात की, येथे गुणाकार, भागाकार, वर्ग, घन यांतले काहीच विचारलेले नाही, तरीही गर्विष्ठ गणकांचे येथे पतन ठरलेले आहे. आठशे चाळीस वर्षांनी ही उक्ती किती खरी ठरावयाची होती, ते पुढे येईलच.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन-अध्यापन अखंड चालावे म्हणून त्याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. त्या मठाला मिळालेल्या इ.स. १२०७ मधील दानाचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्याच्या अखेरीस जुन्या मराठीतील मजकूरही आहे. पूर्वजांचे स्मरण त्यांच्या विद्येचा अभ्यास चालू ठेवून करण्याची आपली ही रीत आठशे वर्षांची आहे, आणि आजची व्याख्यानमाला त्याच रीतीत बसते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मांडण्या मोजता येणे आणि संभव मोजता येणे यांत एक पायरीचे अंतर आहे. सर्व शक्यता मोजून, त्यांतल्या अनुकूल किती याचे प्रमाण काढून, त्यावरून पैज किती लावावी हे ठरविणे ही ती पायरी होय. अंकपाशाने शिडी उभी केली होती. पण त्या शिडीने भविष्याच्या अनिश्चिततेवर चढावे, ही कल्पना आपल्या ग्रंथांत शास्त्र म्हणून वाढली नाही.

३. पेट्या आणि कैदी

ती पायरी युरोपात चढली गेली, आणि तीही जुगाराच्याच निमित्ताने. इटलीतील वैद्य व गणितज्ञ कार्दानो याने सोळाव्या शतकात फाशांच्या खेळावर पुस्तक लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापले गेले. १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांचा पत्रव्यवहार झाला. खेळ अर्धवट मोडला तर पणाची रक्कम कशी वाटावी, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे १७६३ मध्ये इंग्लंडमधील धर्मोपदेशक टॉमस बेझ याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. नवी माहिती हाती आली की पूर्वीचा अंदाज कसा दुरुस्त करावा, याचा नियम त्यात आहे. आपले कोडे सर्वस्वी या नियमाच्या कक्षेतील आहे.

या कोड्याचा पहिला स्पष्ट पूर्वज १८८९ मध्ये जोसेफ बर्त्रां या फ्रेंच गणितज्ञाच्या ग्रंथात भेटतो. तीन पेट्या, प्रत्येकीत दोन नाणी. एकीत दोन्ही सोन्याची, दुसरीत दोन्ही चांदीची, तिसरीत एक सोन्याचे व एक चांदीचे. न पाहता एक पेटी घेतली, तीतून एक नाणे काढले, ते सोन्याचे निघाले. दुसरेही सोन्याचे असण्याचा संभव किती? 'चांदीची पेटी बाद झाली, दोन उरल्या, म्हणून निम्मा,' हे उत्तर येथेही ओठांवर येते. पण सोन्याची नाणी एकूण तीन आहेत आणि त्यांतली दोन एकाच पेटीत आहेत. हाती आलेले नाणे त्या तिहींपैकी कोणतेही असू शकते, म्हणून संभव दोन-तृतीयांश. 'किती पेट्या उरल्या' हा प्रश्न नसून 'हे नाणे हाती येण्याचे किती मार्ग होते' हा प्रश्न आहे, हे बर्त्रांने दाखविले.

१९५९ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी तेच तत्त्व तीन कैद्यांच्या रूपात मांडले. तिघांना देहदंड झाला आहे. एकाला माफी मिळणार आहे आणि तो कोण हे पहारेकऱ्याला ठाऊक आहे. पहिला कैदी म्हणतो, 'माझ्याविषयी काही सांगू नकोस. उरलेल्या दोघांपैकी फाशी जाणाऱ्या एकाचे नाव तेवढे सांग.' पहारेकरी एक नाव सांगतो. कैद्याला वाटते, आपला संभव एक-तृतीयांशावरून निम्म्यावर आला. वस्तुतः तो होता तेथेच आहे. बदलला आहे तो ज्याचे नाव घेतले गेले नाही त्या तिसऱ्याचा, आणि तो दुप्पट झाला आहे. उरलेल्या दोघांपैकी एक तरी फाशी जाणारच होता, म्हणून असे एक नाव सांगणे पहारेकऱ्याला केव्हाही शक्य होते. तेव्हा त्या नावाने पहिल्या कैद्याच्या स्थितीविषयी नवे काही कळले नाही.

कोड्याला आजचे रूप १९७५ मध्ये मिळाले. अमेरिकेत १९६३ पासून 'लेट्स मेक अ डील' हा दूरचित्रवाणीवरील खेळ लोकप्रिय होता व माँटी हॉल हे त्याचे सूत्रधार होते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह सेल्व्हिन यांनी 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन' या नियतकालिकाला पत्र लिहून त्या खेळाच्या धर्तीवर तीन पेट्यांचे कोडे घातले आणि बदलणेच हिताचे, असे उत्तर दिले. त्यावर आक्षेपांची पत्रे आली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या पत्रात सेल्व्हिन यांनी उत्तराचा पाया कोणता हे सांगितले: सूत्रधाराला सर्व ठाऊक आहे आणि तो जाणूनबुजून रिकामी पेटी उघडतो. 'माँटी हॉल कोडे' हे नावही या दुसऱ्या पत्रातच आले. खुद्द हॉल यांनी सेल्व्हिन यांना लिहिलेल्या पत्रात, एक पेटी रिकामी दिसली तरी खेळाडूच्या पहिल्या पेटीचा संभव एक-तृतीयांशच राहतो, हे बरोबर ओळखले होते. गणिताची पदवी नसलेल्या या गृहस्थांना खेळ मांडण्याच्या अनुभवातून ते उमगले होते.

४. १९९० चे वादळ

एवढ्यावर हे प्रकरण तज्ज्ञांच्या नियतकालिकात झाकलेले राहिले असते. परंतु ९ सप्टेंबर १९९० रोजी 'परेड' या अमेरिकन साप्ताहिक पुरवणीत मॅरिलिन व्होस सॅव्हंट यांनी आपल्या प्रश्नोत्तरांच्या सदरात ते छापले. तीन दारे, एकामागे मोटारगाडी, दोहोंमागे बकऱ्या. 'दार बदला, संभव दोन-तृतीयांश होईल,' असे त्यांनी सांगितले. उत्तर अचूक होते.

मग पत्रांचा पूर आला. सुमारे दहा हजार पत्रे आली आणि त्यांतील जवळपास एक हजार पत्रांवर डॉक्टरेट मिळविलेल्यांच्या सह्या होत्या. बहुसंख्य पत्रलेखकांनी त्यांना चुकीचे ठरविले. विद्यापीठांच्या पत्रकागदांवरून गणिताच्या प्राध्यापकांनी त्यांना उपदेश केला, देशातील गणिताच्या अडाणीपणात भर घालू नका असे सुनावले. स्त्रिया गणिताकडे वेगळ्या रीतीने पाहत असाव्यात, अशी शेरेबाजीही झाली. विद्वान चुकले याचे मला विशेष वाटत नाही. चुकणे ही विद्येच्या वाटेवरील नित्याची गोष्ट आहे. खेद याचा वाटतो की, पेन्सिल घेऊन नऊ शक्यता लिहून पाहण्याआधी त्यांनी लेखणी घेऊन पत्र लिहिले. सांगणाऱ्याची पदवी आणि सांगणारी स्त्री आहे की पुरुष, याकडे त्यांचे लक्ष गेले. सांगितलेल्या गोष्टीकडे गेले नाही. अंकपाशात गर्विष्ठ गणकांचे पतन होते, हे भास्कराचार्यांचे भाकीत इतके जाहीरपणे क्वचितच खरे ठरले असेल.

या वादाचा निकाल जेथे लागला, ती गोष्ट शाळेच्या व्यासपीठावरून आवर्जून सांगण्याजोगी आहे. व्होस सॅव्हंट यांनी शब्दाला शब्द वाढविला नाही. त्यांनी देशभरातील शिक्षकांना आवाहन केले की, तीन पेले व एक नाणे घ्या आणि वर्गातील मुलांकडून हा प्रयोग करवून घ्या. अनेक शाळांनी तो केला. पुढील वर्षी त्यांच्याकडे जी उत्तरे आली, त्यांत प्रयोग करणाऱ्या वर्गांनी जवळजवळ एकमुखाने तेच कळविले: बदलणारे दुप्पट वेळा जिंकतात. प्राध्यापकांचा वाद शाळेच्या बाकांवर मिटला. जुलै १९९१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या साऱ्याचा वृत्तान्त पहिल्या पानावर दिला.

तरीही केवळ गर्वानेच माणसे चुकत होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाल एर्डिश हे विसाव्या शतकातील अग्रगण्य गणितज्ञांपैकी एक. संभाव्यतेच्या पद्धती गणितात वापरण्याचे मोठे श्रेय त्यांच्याकडे जाते. १९९५ मध्ये त्यांचे मित्र आंद्रू वाझोनी यांनी हे कोडे घातले, तेव्हा बदलण्याने फरक पडतो हे त्यांना मान्य होईना. वाझोनी यांनी संगणकावर हा खेळ पुनःपुन्हा खेळून आकडे दाखविल्यावर त्यांनी ते मान्य केले. पण असे का होते हे आतून उमगल्याचे समाधान त्यांना चटकन लाभले नाही. अंतःप्रज्ञा कितीही थोर असो, तिलाही मोजणीपुढे वाकावे लागते.

५. सूत्रधार जाणता, अजाण आणि धूर्त

आता या कोड्याच्या गाभ्याकडे येऊ. समजा, आपण पहिल्या पेटीवर हात ठेवला आणि मांडणाऱ्याने तिसरी उघडली. बेझचा नियम विचारतो: मोहोर कोठे असती, तर तिसरी पेटी उघडली जाण्याचा संभव किती होता? मोहोर पहिलीत असेल, तर तो दुसरी किंवा तिसरी उघडू शकत होता; तिसरीचा संभव निम्मा. मोहोर दुसरीत असेल, तर त्याला तिसरीच उघडणे भाग होते, संभव पूर्ण. मोहोर तिसरीत असणे आता शक्य नाही. निम्मा आणि पूर्ण यांचे प्रमाण एकास दोन. म्हणून पहिलीचा वाटा एक-तृतीयांश, दुसरीचा दोन-तृतीयांश.

आता मांडणाऱ्यालाही मोहोर कोठे आहे हे ठाऊक नाही असे समजा. त्याने डोळे मिटून दुसरी-तिसरीतून एक उघडली आणि योगायोगाने ती रिकामी निघाली. मोहोर पहिलीत असो की दुसरीत, तिसरी उघडली जाण्याचा संभव दोन्ही वेळी निम्माच होता. प्रमाण सारखे, म्हणजे येथे निम्मानिम्मा हेच उत्तर खरे! डोळ्यांपुढील दृश्य दोन्ही वेळी अगदी सारखे आहे, एक उघडी रिकामी पेटी आणि दोन बंद. पण उत्तर वेगळे. कारण दृश्यामागील हेतू आणि ज्ञान वेगळे आहे.

तिसरा प्रकार धूर्त सूत्रधाराचा. आपला हात मोहोरेवर पडला असेल तेव्हाच तो बदलण्याची लालूच दाखवितो, एरवी गप्प राहतो. अशा माणसासमोर बदलणारा प्रत्येक वेळी हरेल. १९९१ मध्ये माँटी हॉल यांनी वृत्तपत्राच्या प्रतिनिधीला हा खेळ खेळवून, सूत्रधाराला मोकळीक असली की दोन-तृतीयांशाचा नियम कसा कोलमडतो, हे दाखवून दिले होते. जत्रेत तीन वाट्यांखाली गोटी फिरविणाऱ्याच्या बाबतीत म्हणूनच आपले गणित चालत नाही. त्याने नियम पाळण्याचे वचन दिलेलेच नसते.

आपल्याकडे २००१ मध्ये 'स्टार प्लस' वाहिनीवर 'खुल जा सिम सिम' या नावाने त्याच अमेरिकन खेळाचा हिंदी अवतार आला, आणि बंद दारांपुढे गोंधळलेली माणसे घरोघरी दिसू लागली. त्याआधी २००० मध्ये 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले होते. त्यातील चारपैकी दोन चुकीची उत्तरे गाळण्याची 'फिफ्टी-फिफ्टी' सवलत आपल्या कोड्याशी ताडून पाहण्याजोगी आहे. समजा, निव्वळ अंदाजाने आपण एक उत्तर मनात धरले, आणि गाळल्यानंतर ते शिल्लक राहिले. आता बदलावे काय? बारा प्रश्न घेऊ. सरासरीने तीन वेळा मनातले उत्तर बरोबर असेल व तिन्ही वेळा ते शिल्लक राहील. नऊ वेळा ते चूक असेल. तीन चुकीच्या उत्तरांतून एकच राखले जाते, म्हणून नवांपैकी तीन वेळा ते शिल्लक राहील. तीनास तीन, निम्मानिम्मा. संगणकाला आपल्या मनातले ठाऊक नसल्याने त्याने ते जपून ठेवलेले नसते, म्हणून येथे बदलण्यात लाभही नाही आणि तोटाही नाही. तेच उत्तर आधी जाहीर केले असते आणि ते राखण्याचे बंधन संगणकावर असते, तर तीनास नऊ हे प्रमाण येऊन बदलणे तिप्पट लाभाचे ठरले असते.

ज्ञानाच्या प्रकाशात अंदाज बदलण्याच्या या शास्त्रात एका मराठी माणसाचे नाव आदराने घेतले जाते. कोल्हापूर येथे १९१९ मध्ये जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिज येथे हॅरल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. बेझच्या विचाराला विसाव्या शतकात पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत जेफ्रीज अग्रणी होते. हुजूरबाजार यांनी पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग नावारूपास आणला, आणि १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. आपल्या मुलांना हा विषय परका वाटू नये, म्हणून हे नाव त्यांच्या कानी घातले पाहिजे.

६. माणसे का बदलत नाहीत

१९९५ मध्ये ग्रॅनबर्ग व ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी हे कोडे अनेकांपुढे ठेवले, तेव्हा शंभरांतील सुमारे तेराच जणांनी दार बदलले. निम्मानिम्मा संभव आहे असे मानणारी माणसे निम्म्या वेळा तरी बदलावयास हवी होती. पण ती जागची हलली नाहीत. कारण अंकगणितात नसून मनात आहे. बदलून हरलो, तर 'हातचे घालविले' हा पश्चात्ताप अधिक जाळतो; न बदलता हरलो, तर दैवाकडे बोट दाखविता येते. गंमत अशी की, २०१० मध्ये हर्ब्रन्सन व श्रोडर यांनी पारव्यांना अशाच तीन कळांपुढे बसविले, तेव्हा पुष्कळ सरावानंतर ते पक्षी जवळजवळ प्रत्येक वेळी बदलावयास शिकले. तसाच सराव दिलेली माणसे मात्र तितकी शिकली नाहीत. पारव्याला पहिल्या निवडीचा अभिमान नसतो.

विद्यार्थिमित्रांनो, याचा तुमच्या परीक्षांशी संबंध आहे. वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकेत 'पहिले उत्तर बदलू नये, तेच बरोबर असते' असा उपदेश वडीलधाऱ्यांकडून नेहमी मिळतो. क्रूगर, विर्ट्झ आणि मिलर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड हजारांहून अधिक उत्तरपत्रिकांवरील खाडाखोड तपासली. केलेल्या बदलांपैकी सुमारे ५१ टक्के चुकीकडून बरोबरकडे होते आणि सुमारे २५ टक्के बरोबरकडून चुकीकडे. बाकीचे चुकीकडून चुकीकडे. म्हणजे बदलाने लाभ झाला तो दुप्पट वेळा. येथील दुप्पट आणि तीन पेट्यांतील दुप्पट यांचा गणिती संबंध नाही, हे लक्षात ठेवा. ते साम्य योगायोगाचे आहे. विद्यार्थ्यांनी ती उत्तरे काहीतरी नवे ध्यानात आल्यामुळे बदलली होती. म्हणून नाणे उडवून उत्तर बदलू नका. पण नवे कारण सापडले असेल, तर पहिल्या उत्तराच्या मोहात अडकूही नका.

हेच सूत्र परीक्षेबाहेरही लागू आहे. कोणी आपल्याला एखादी गोष्ट दाखवितो, तेव्हा ती खरी आहे काय एवढेच विचारून भागत नाही. दाखविणाऱ्याला काय ठाऊक होते, त्याने हीच गोष्ट का दाखविली, दुसरे काही दाखविण्यास तो मोकळा होता काय, हेही विचारावे लागते. बातमी, जाहिरात, निवडणुकीतील आकडे, औषधाच्या गुणाचे दाखले या साऱ्यांपुढे हे तीन प्रश्न उभे केले, तर पुष्कळ फसवणूक टळते.

शिक्षकवर्गाला अखेरीस एक विनंती करतो. उद्याच्या एका तासाला गणिताचे पुस्तक बाजूला ठेवावे. साठ मुलांच्या तीस जोड्या कराव्यात. प्रत्येक जोडीला तीन कागदी पेले व एक नाणे द्यावे. प्रत्येकीने वीस डाव खेळावेत आणि 'राखले असते तर' व 'बदलले असते तर' अशा दोन रकाने आखून निकाल मांडावेत. फळ्यावर सहाशे डावांची बेरीज येईल: एका रकान्यात दोनशेच्या आसपास, दुसऱ्यात चारशेच्या आसपास, दहा-वीसचा फरक इकडेतिकडे. बेरीज होण्याआधी प्रत्येक मुलाचा अंदाज त्याच्याच वहीत लिहून घ्यावा. आपला अंदाज आणि आपण स्वतः केलेली मोजणी एकमेकींशी जुळत नाहीत, हे ज्या मुलाने एकदा शांतपणे पाहिले आणि मोजणीचा स्वीकार केला, त्याला पुढे कोणत्याही मोठ्या माणसाच्या अधिकारवाणीने सहज दडपता येणार नाही. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजनांना याहून अधिक योग्य श्रद्धांजली मला सुचत नाही.